तीन दिवसांचं मौन

मुखवटा अजून ओला आहे. थरावर थर चिकटवून कडक केलेलं लिननचं कापड, आतून दुसऱ्या माणसाच्या घामानं भिजलेलं. तो घाम आता तुमच्या कपाळाला लागतो आहे. डोळ्यांच्या जागी दोन भोकं. तोंडाच्या जागी अर्धवट उघडी फट, पण तिचा तुम्हाला काही उपयोग नाही. तुम्हाला एक शब्दही बोलायचा नाही.

इ.स.पू. 438, वसंत ऋतू. अथेन्समध्ये डायोनिसस देवाचा मोठा उत्सव चालू आहे आणि तुम्ही अक्रोपोलिसच्या दक्षिण उताराच्या पायथ्याशी, रंगमंचाच्या लाकडी खोपटामागे उभे आहात. तुमचं वय सोळा. वडील सामोसच्या वेढ्यात गेले. घरी आई आहे. तुम्हाला या कामाला घेतलं ते एकाच गुणावर: तुमची उंची आणि बांधा मुख्य नटाशी जुळतो. आधी प्रेत व्हायचं, मग तीच बाई जिवंत होऊन परत यायचं, एवढंच तुम्हाला सांगितलं गेलं आहे.

आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते दगडी नाट्यगृह इथे उभं राहायला अजून शंभर वर्षं आहेत. सध्या उतारावर लाकडी फळ्या मांडल्या आहेत आणि त्यांवर हजारो माणसं दाटीवाटीनं बसली आहेत. त्यांच्या पाठीशी कडा आहे आणि कड्यावर पार्थेनॉन. काम सुरू होऊन नऊ वर्षं झाली. आतली सोन्याची नि हस्तिदंताची अथेना याच वर्षी विधिपूर्वक प्रतिष्ठित होणार आहे. सणामुळे छिन्न्या गप्प आहेत.

नाटकं सुरू होण्याआधी याच गोल पटांगणात दोन गोष्टी मिरवल्या गेल्या. मांडलिक शहरांनी भरलेल्या खंडणीची चांदी लोकांसमोर आणून मांडली. मग लढाईत बाप गमावलेली, शहराच्या खर्चानं वाढलेली, नुकतीच वयात आलेली मुलं नवी चिलखतं घालून रांगेनं चालत आली. शहरानंच दिलेली चिलखतं. भालदारानं त्यांच्या बापांच्या शौर्याची घोषणा केली. आणखी दोन वर्षांनी त्या रांगेत तुम्ही असाल. ज्यांच्या जागी कुणीतरी मेलं आहे अशी माणसं फळ्यांवर बसून ते बघत होती, आणि आता तीच माणसं हे नाटक बघताहेत. माझ्या मते हे नाटक समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

युरिपिडिसचा आजचा दिवस. सकाळपासून त्याची तीन नाटकं झाली. 'क्रेटच्या स्त्रिया', 'सोफिसमधला अल्कमेऑन', आणि 'टेलिफस', ज्यात राजा चिंध्या पांघरून भीक मागत आला. ही तिन्ही पुढे काळाच्या पोटात जातील, त्यांचे नुसते तुकडे उरतील. चौथं तेवढं वाचेल. चौथ्या जागी सहसा घोड्याच्या शेपट्या लावलेले सॅटर नाचत येतात, दिवसभराच्या रडण्यावर उतारा म्हणून. लोक हसायच्या तयारीत सरसावून बसले होते. सॅटर आलेच नाहीत. एका राजाच्या घराच्या दारातून धनुष्य घेतलेला अपोलो बाहेर पडला, आणि समोरून तलवार घेऊन मृत्यू आला.

नाटकाचं नाव 'अल्केस्टिस'.

गोष्ट तुम्हाला आजीकडून माहीत आहे. थेसलीतल्या फेराए शहराचा राजा अद्मेटस. झ्यूसनं शिक्षा म्हणून अपोलोला वर्षभर माणसाची चाकरी करायला लावलं, तेव्हा त्यानं या राजाची गुरं राखली, आणि राजानं त्याला चांगलं वागवलं. त्याचं देणं म्हणून अपोलोनं नियतीच्या देवींना फसवून राजासाठी सवलत मिळवली: मरणाची घटका आली की त्याच्या ऐवजी दुसरं कुणी गेलं तरी चालेल. राजानं सगळ्यांना विचारून पाहिलं. म्हातारा बाप नाही म्हणाला. आई नाही म्हणाली. बायको हो म्हणाली.

त्यानं तिला कसं विचारलं, ती हो म्हणाली तेव्हा घरात कोण होतं, त्या रात्री दोघांना झोप लागली का, यातलं नाटकात काही नाही. युरिपिडिसनं तो प्रसंग मंचावर आणला नाही. पडदा उघडतो (इथे पडदा नाही, पण मराठी माणसाची जीभ तसंच म्हणणार) तो थेट ठरलेल्या दिवशी. पंधरा म्हाताऱ्यांचा वृंद दाराकडे बघत कुजबुजतो: ती गेली की आहे? रडण्याचा आवाज नाही. मयताच्या घरासमोर झऱ्याचं पाणी भरून ठेवतात, येणाऱ्या-जाणाऱ्यानं विटाळ धुवावा म्हणून, ते भांडंही दारात दिसत नाही.

मग दासी बाहेर येते आणि आतली हकिगत सांगते. खोपटाच्या फळीला कान लावून तुम्ही ती ऐकली आहे. आपला दिवस आला हे कळल्यावर अल्केस्टिसनं वाहत्या पाण्यानं अंघोळ केली, ठेवणीतलं वस्त्र आणि दागिने काढून ल्याली, चुलीच्या देवीसमोर उभी राहून मुलांसाठी मागणं मागितलं. घरातल्या प्रत्येक वेदीला मर्टलच्या डहाळ्या वाहिल्या. डोळ्यांत टिपूस नाही, चेहऱ्याचा रंग बदललेला नाही. आणि मग ती शेजघरात गेली. तिथे बिछान्यावर पडून इतकी रडली की अंथरूण भिजलं. इथे आता दुसरी बाई येईल, आपल्याहून सद्गुणी नसेल पण कदाचित नशीबवान असेल, असं काहीसं त्या बिछान्यालाच सांगत राहिली. बाहेर पडायची, पुन्हा आत वळायची, पुन्हा बिछान्यावर कोसळायची. मुलं पदराला धरून होती. नोकरचाकर रडत होते, तिनं एकेकाला हात दिला. कुणी इतकं क्षुद्र नव्हतं की तिनं त्याच्याशी दोन शब्द बोलू नयेत.

या प्रेमकथेत प्रेम कुठे आहे असं विचारलं तर मी त्या भिजलेल्या अंथरुणाकडे बोट दाखवीन. कारण अल्केस्टिस थोड्या वेळानं बाहेर येते, सूर्याकडे शेवटचं बघते, पैलतीरावरच्या नावाड्याची होडी दिसते आहे म्हणते, आणि मग नवऱ्याशी बोलायला लागते तेव्हा त्या बोलण्यात गोडवा नाही, हिशेब आहे. मी नाही म्हणू शकले असते. थेसलीतल्या दुसऱ्या कुणाशी लग्न करून सुखात राहिले असते. तुझ्या आईबापांचं वय झालं होतं, त्यांनी तुला वाऱ्यावर सोडलं. मी तुझ्यासाठी मरते आहे, त्याच्या मोबदल्यात एकच दे: मुलांवर सावत्र आई आणू नकोस. या भाषणाला कोरडं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते कोरडं वाटत नाही. ज्या बाईजवळ आता तासभर उरला आहे ती तो तास नवऱ्याला लाडिक बोलण्यात घालवत नाही, लेकरांची सोय लावते.

अद्मेटस भरभरून वचनं देतो. वर्षाचं नाही, जन्मभराचं सुतक पाळीन. घरात गाणं-बजावणं नको. कारागिरांकडून तुझी मूर्ती घडवून घेईन, बिछान्यावर ठेवीन, तिला मिठी मारून तुझं नाव घेईन. गार सुख असेल ते, पण चालेल. फळ्यांवरच्या माणसांत इथे एक चुळबुळ झाली ती तुमच्यापर्यंत आली. मग ती गेली, सगळ्यांच्या देखत. तिचा लहानगा मुलगा युमेलस तिच्या अंगावर पडून गायला. राजानं हुकूम सोडला: घोड्यांच्या आयाळी कापा, बारा महिने शहरात वाद्यं वाजता कामा नयेत.

आणि तिला आत आणलं. दाराआड येताच अल्केस्टिसनं मुखवटा काढला. आत एक चाळिशीचा, धापा टाकणारा पुरुष. त्यानं पाणी प्यायलं, मुखवटा तुमच्या हातात दिला आणि सिंहाचं कातडं खांद्यावर टाकून तो हेराक्लीस व्हायला निघाला. दोन नटांत बसेल अशीच या नाटकाची वीण आहे, आणि आज तुमच्यासमोर ते तसंच बसवलं आहे. जो अल्केस्टिस होऊन मेला तोच हेराक्लीस होऊन तिला मृत्यूच्या हातून आणायला जाणार. तिचा आवाज त्याच्याबरोबर गेला. तिचा चेहरा तुमच्याजवळ राहिला.

तुम्ही तिरडीवर पडता. चार जण तुम्हाला उचलून उन्हात नेतात.

प्रेत होऊन पडल्यावर माणसाला किती ऐकू येतं! म्हातारा फेरेस, राजाचा बाप, सुनेसाठी उंची वस्त्र घेऊन येतो. मुलगा ते झिडकारतो आणि तुमच्या अंगावरून दोघांचं भांडण पेटतं. मुलगा म्हणतो, तू मरायला नको होतास का, तुझं जगून झालं होतं. बाप म्हणतो, बापानं पोराच्या बदली मरावं असा कायदा कुठल्या पूर्वजानं केला? तुला उजेड आवडतो, मग मला आवडत नसेल का? आणि मग असं बोलतो की ऐकून वृंदाच्या माना खाली जातात: तिला मारलंस तू. तू भेकड, बायकोच्या जिवावर जगलेला. पुढच्या मरणाला पुढची बायको कर आणि तिलाही पटव.

मुखवट्याच्या भोकांतून तुम्हाला फक्त निळं आकाश दिसतं. बाप बोलतोय ते क्रूर आहे. ते खोटं नाही, हेही तुम्हाला कळतं. पण ज्या म्हाताऱ्याला स्वतःच्या उरलेल्या चार दिवसांपलीकडे काही दिसत नाही त्याच्या तोंडून खरं ऐकणं हीसुद्धा एक विटंबना आहे. दोघांपैकी एकानंही खाली, तिरडीकडे, पाहिलेलं नाही. युरिपिडिसनं हे भांडण प्रेतावरूनच का घडवलं असेल हे फळ्यांवर बसून कळत नाही, तिरडीवर पडल्यावर कळतं.

तुम्हाला थडग्याकडे नेतात. वृंदही मागोमाग निघतो, पटांगण रिकामं पडतं. रिकाम्या घरातून गाण्याचा आवाज येतो, बेसूर. हेराक्लीस आत जेवतो आहे. थ्रेसच्या डायोमिडीसचे माणसं खाणारे घोडे आणायच्या वाटेवर तो मित्राकडे उतरला, आणि मित्रानं त्याला खरं सांगितलंच नाही. घरात कुणीतरी परकी बाई वारली आहे म्हणाला. पाहुण्याला दारातून परत पाठवलं तर घराची अब्रू जाते. परकी! त्या शब्दावर तुम्ही पुन्हा पुन्हा येता. कधीतरी लग्न होऊन या घरात आली होती, रक्ताची नव्हती, म्हणजे तसं खरंच.

चिडलेला नोकर शेवटी हेराक्लीसला खरं सांगतो. तो डोक्यावरचा मर्टलचा हार भिरकावून देतो आणि थडग्यापाशी दबा धरायला धावतो. मृत्यूशी झालेली कुस्ती कुणाला दिसत नाही. ती दोन वाक्यांत आटोपते, मीही तेवढ्यातच आटोपतो. कारण तुमच्या डोक्यावर आता शेला टाकला आहे, हात हेराक्लीसच्या हातात आहे, आणि तुम्ही दुसऱ्यांदा उन्हात निघाला आहात.

अद्मेटस थडग्याहून परतला आहे. रिकाम्या घरात पाय टाकवत नाही म्हणून दाराबाहेरच थांबला आहे. आता कळलं, असं तो म्हणतो. ती सुटली, तिचं नाव झालं. मी जगलो ते लोक मला भेकड म्हणताना ऐकायला. अर्ध्या दिवसात हा माणूस इतका लांब आला आहे. मी या क्षणी त्याला माफ करू पाहतो.

पण लगेच हेराक्लीस म्हणतो, ही बाई मला स्पर्धेत बक्षीस मिळाली, मी परत येईपर्यंत सांभाळ. अद्मेटस नाही म्हणतो. तरुण दिसते, कुठे ठेवू? पुरुषांत? तिच्या बिछान्यावर? लोक काय म्हणतील, ती गेलेली काय म्हणेल? मग तुमच्याकडे बघतो. बांधा अगदी तिचा, म्हणतो, आणि रडतो. घेऊन जा हिला. हेराक्लीस आग्रह धरतो. नाही. पुन्हा आग्रह. आणि मग, ज्या दिवशी जन्मभराची वचनं दिली त्याच दिवशी, तिची माती ओली असताना, अद्मेटस हो म्हणतो. नोकरांकडे नाही, तुझ्याच उजव्या हातानं घे, असं हेराक्लीस बजावतो. तो तोंड फिरवून हात पुढे करतो, राक्षशिणीचं डोकं कापताना फिरवावं तसं.

शेल्याखाली तुम्ही हे सगळं ऐकलं आहे. म्हणजे तिनं ऐकलं आहे.

ग्रीक लग्नात वर वधूचं मनगट धरून तिला घरी नेतो, आणि तिच्या चेहऱ्यावरचं वस्त्र दूर करण्याचाही विधी असतो. फळ्यांवरच्या प्रत्येकानं तो पाहिला आहे. आपल्याकडचं पाणिग्रहण आणि अंतरपाट आठवा, म्हणजे त्यांना या घटकेला काय दिसतं आहे ते उमगेल. हेराक्लीस शेला ओढतो. अद्मेटसला आपली बायको दिसते. तो विचारतो, ही बोलत का नाही? उत्तर मिळतं: पाताळाच्या देवांचा विटाळ फिटेपर्यंत, तिसरा दिवस उजाडेपर्यंत, तिचा आवाज तुला ऐकता येणार नाही.

तुमच्या आत जो मराठी वाचक जागा आहे त्याला इथे वडाभोवती दोरा गुंडाळणाऱ्या बायका दिसतात. सावित्रीही नवऱ्याच्या मरणाच्या आड उभी राहिली. पण वनपर्वातली सावित्री यमाच्या मागोमाग चालते आणि चालता चालता बोलते. सासऱ्याचे डोळे, त्याचं राज्य, बापाला पुत्र, स्वतःला शंभर पुत्र. एकेक वर ती बोलून मिळवते आणि शेवटी त्याच बोलण्यात यम अडकतो. तिचं हत्यार जीभ आहे. अल्केस्टिससाठी एक पुरुष दुसऱ्याशी कुस्ती खेळतो आणि तिची जीभ तीन दिवस गहाण पडते. दोघींना एका ओळीत पतिव्रता म्हणून बसवणं सोपं आहे. माझं मन त्याला राजी होत नाही.

शेला दूर झालेला आहे. हजारो डोळे तुमच्याकडे लागलेत, आणि तुम्ही गप्प आहात. ते गप्प राहणं लांबत जातं. उन्हाचा रंग बदलतो.

बावीस वर्षांनंतर, अथेन्समध्येच, एका घरात मेजवानी आहे. अगाथॉन नावाच्या नाटककाराला बक्षीस मिळालं आहे. तुमच्या हातात दोन नळ्यांचा पावा आहे, तुम्ही वाजवायला बोलावलेली मुलगी आहात. पाहुण्यांपैकी वैद्यबुवा म्हणतात, आज प्यायचं कमी आणि बोलायचं जास्त, या मुलीला जाऊ दे, तिनं स्वतःशी वाजवावं नाहीतर आत बायकांपाशी. तुम्ही बाहेर पडता. आणि मग, खोलीत एकही बाई नसताना, फीड्रस अल्केस्टिसवर बोलायला लागतो: दुसऱ्यासाठी मरायला फक्त प्रेम करणाराच तयार होतो, बाईसुद्धा, म्हणून तर देवांनी तिला परत धाडलं. ऑर्फिअसला मात्र बायकोची नुसती सावली दाखवून रिकाम्या हातानं हाकललं, कारण तो वीणा वाजवणारा मऊ माणूस, मरायची छाती नव्हती. बऱ्याच वेळानं सॉक्रेटिस बोलतो. डिओटिमा नावाच्या विदुषीनं मला शिकवलं, म्हणतो, की आपलं नाव अमर होईल हे ठाऊक नसतं तर अल्केस्टिस मेली असती का? प्लेटोनं हे संभाषण नंतर लिहिलं. एक पुरुष तिला प्रेमाची मूर्ती करतो. दुसऱ्याच्या मुखानं एक बाई तिला कीर्तीची भुकेली ठरवते. भिंतीपलीकडे पावा हातात धरून बसलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही. ते भिजलेलं अंथरूण दोघांनाही आठवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मेणबत्त्या. 26 डिसेंबर 1767, व्हिएन्नाचं बुर्गथिएटर. ग्लुकचा 'अल्चेस्ते' हा ऑपेरा पहिल्यांदा होतो आहे, काव्य काल्झाबिजीचं. लागूनच राजवाडा आहे, आणि त्या राजवाड्याची सम्राज्ञी मारिया तेरेसा सव्वादोन वर्षांपूर्वी विधवा झाली. तिनं केस कापले, काळे कपडे घातले, ते शेवटपर्यंत उतरवणार नाही. अद्मेटसनं जे पाळीन म्हटलं ते ही बाई खरोखर पाळते आहे. मंचावर अंतोनिया बेर्नास्कोनी गाते, खालून ट्रॉम्बोन पाताळासारखे घुमतात. इथे तिला आवाज आहे, आणि केवढा! अधोलोकाच्या देवांना ती बजावते की मला तुमची दया नको. तुमच्या अंगावर काटा येतो. पण हळूहळू लक्षात येतं की गोष्टीतून काहीतरी काढून टाकलं आहे. इथे राजाला ठाऊकच नाही की बायको त्याच्या बदली जाते आहे. कळल्यावर तो आक्रोश करतो, मलाही मरू द्या म्हणतो. म्हातारा बाप आणि त्याचं भांडण गायब. शेवटी अपोलो उतरून सगळं सोडवून देतो. नवऱ्याची लाज पुसली की गोष्ट किती सुंदर होते, आणि किती हलकी! ग्लुकच्या संगीतापुढे मी हात जोडतो. या दुरुस्तीपुढे नाही. 1907 मध्ये रिल्केनं अल्केस्टिसवर कविता लिहिली, तेव्हा मरणाचा निरोप त्यानं थेट लग्नाच्या पंगतीत आणला. जगायला सुरुवात होण्याआधीच नवरी उठून चालायला लागते. तिथे मुलं नाहीत, हिशेब नाही.

मग दगडी भिंती, लोकरीच्या जुन्या धंद्याचं गाव. सप्टेंबर 2000, यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सची डीन क्लफ, एके काळची गालिच्यांची गिरणी. कवी टेड ह्यूजनं केलेलं 'अल्केस्टिस' नॉर्दर्न ब्रॉडसाइड्स ही मंडळी करताहेत, त्याच भागातल्या रांगड्या बोलीच्या सुरात. ह्यूज याच मुलखात जन्मला. ऑक्टोबर 1998 मध्ये तो वारला, हा प्रयोग त्यानं पाहिला नाही. त्याची पहिली बायको, कवयित्री सिल्व्हिया प्लाथ, 1963 मध्ये तिशीत गेली. इथे बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे, म्हणून बाप मुलाला तोंडावर दोष देतो तेव्हा सभागृहात कुणी खोकत नाही. एका माणसानं आयुष्याच्या अखेरीला, ग्रीकांच्या एवढ्या नाटकांतून हेच नाटक हाती घ्यावं. त्यात फेरेसचं भांडण शाबूत ठेवावं. कोण काय म्हणेल ते म्हणो, मला ते धैर्य वाटतं.

2019 मध्ये अलेक्स मायकेलिडीसच्या रहस्यकथेतली एक चित्रकार नवऱ्याच्या खुनानंतर बोलणंच थांबवते, आणि मागे स्वतःचं एक चित्र ठेवते. चित्राला नाव एकच: अल्केस्टिस. लेखक सायप्रसचा, ही गोष्ट ऐकत वाढलेला. त्या पुस्तकातला मानसोपचारक तिला बोलती करायला जिवाचं रान करतो. चोवीसशेहून अधिक वर्षं सगळे हेच करताहेत. कुणी तिला गायला लावतं, कुणी तिच्या वतीनं सांगतं, कुणी तिला विचारायची वेळच येऊ नये म्हणून गोष्ट बदलतं.

ऊन पुन्हा पिवळं होतं. अद्मेटसचा हात तुमच्या हातात आहे आणि तो थरथरतो आहे. हे तालमीत नव्हतं. नटाचा हात थरथरतो आहे की राजाचा, तुम्हाला सांगता येत नाही. तो शहराला सणाची आज्ञा देतो, नाच करा, वेद्यांवर बळी द्या. तुम्ही दोघं दाराकडे वळता. दार उघडं आहे, आत फक्त लाकडाचा वास आणि अंधार आहे. तुमच्या मागे ते लागतं.

उत्सव संपताना निकाल लागेल: सोफोक्लीस पहिला, युरिपिडिस दुसरा.

तुम्ही मुखवटा काढून खुंटीला लावता आणि घरी निघता. आई मागापाशी उभी आहे. उभ्या धाग्यांना बांधलेली मातीची वजनं एकमेकांवर आपटून किणकिणताहेत. ती विचारते, काय होतं आज? तुम्ही सगळं सांगता. देवाची सवलत, शेजघर, मूर्तीचं वचन, बाप-लेकाचं भांडण, दारू प्यायलेला हेराक्लीस. तिचा हात चालू राहतो. शेला दूर झाला, असं तुम्ही म्हणता तेव्हा वजनं थांबतात.

"मग काय म्हणाली ती?"

"काही नाही. तीन दिवस तिला बोलायचं नसतं."

"आणि नंतर?"

"नाटक तिथेच संपतं, आई."

ती तुमच्याकडे बघत राहते. मग हळूच म्हणते, "बाहेर पाणी ठेवलंय. आधी हात धुऊन ये. प्रेत होऊन पडला होतास ना."

तुम्ही उंबरा ओलांडता. भांड्यातलं पाणी गार आहे. हात धुता, तोंड धुता, आणि कान आतल्या मागाकडे लावून उभे राहता. वजनं अजून वाजत नाहीत.